खाकी कव्हरातली झाकणं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. खाप्याच्या शाळेत आम्हाला चित्रकला शिकवणारे सर. आईवडिलांनी वाढवलं, ते आहेच. पण आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि त्या पायरीपर्यंत मला नेलं ते सरांनी. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की हा माणूस केलेलं विसरला. मी काहीच विसरलेलो नाही. गेले तीन रविवार मी सरांकडे गेलो नाही आणि पुढे जायचं की नाही ते मला ठरवता येत नाही. लिहायला बसलो आहे ते त्यासाठीच.

सर निवृत्त होऊन नागपूरजवळ बेस्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्याला सहा वर्षं झाली. मी हिंगण्याला एका रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करतो. दर रविवारी चार वाजता मोटारसायकल काढायची, बेस्याला जायचं आणि अंधार पडेपर्यंत सरांसोबत जिगसॉ लावत बसायचं, हा आमचा नेम. बायको म्हणते, "रविवारी तुम्ही सासरी चालल्यासारखे तयार होता. माझ्या माहेरी जाताना कधी एवढा भांग नाही पाडला."

तिचं खरं आहे. आठवड्याचे सहा दिवस मी रंगाच्या नमुन्यांवर आकडे टाकतो आणि सातव्या दिवसाची वाट पाहतो. कंपनीतले लोक हसतात. क्रिकेट नाही, पत्ते नाहीत, हा माणूस लहान पोरांसारखे पुठ्ठ्याचे तुकडे लावतो म्हणतात. ज्याने कधी दोन हजार तुकड्यांचा डबा मोठ्या चादरीवर ओतलेला नाही, त्याला ते कसं सांगायचं? आधी सगळे तुकडे सुलटे करायचे. त्यातच एक तास जातो. मग काठाचे वेगळे काढायचे, ज्यांची एक बाजू सरळ असते ते. बाकीचे रंगांप्रमाणे स्टीलच्या ताटांत. एका ताटात विटांचा लाल, एकात झाडांचा हिरवा, आणि दोनतीन ताटं भरून नुसतं आकाश. तुकड्याला जो गोल बाहेर आलेला भाग असतो त्याला आम्ही कान म्हणतो आणि आत गेलेल्या भागाला खाच. योग्य कान योग्य खाचेत गेला की बोटाला कळतं. आवाज फार लहान होतो, पण तो ऐकायला मी हिंगण्याहून बेस्याला जात होतो.

ही गोडी लागली आठवीत. शनिवारी शाळा अर्धी असायची. सर आम्हा सातआठ पोरांना चित्रकलेच्या खोलीत थांबवून घ्यायचे. त्यांच्या कोणा नातेवाइकाने परदेशातून जिगसॉचा एक डबा आणला होता. सरांनी तो आमच्यासमोर ठेवला तेव्हा त्याचं झाकण खाकी कागदात गुंडाळलेलं होतं. जून महिन्यात वह्यांना घालतो तेच कव्हर. वर वहीसारखंच लेबल, आणि त्यावर सरांच्या सुंदर अक्षरात: विषय – न पाहता. इयत्ता – सगळ्या.

"सर, आत काय चित्र आहे?" आम्ही विचारलं.

"मले काय माहीत?" सर म्हणाले. "मीही पाहिलं नाही. आलं तसं बायकोच्या हातून कव्हर घालून घेतलं. आता तुम्ही अन् मी सारखेच. चित्र पाहून तुकडे लावणं म्हणजे कॉपी करणं झालं. तुकड्याकडे पाहा. त्यालेच विचारा, तू कुठचा."

आम्ही विचारत राहिलो. चित्राचा खालचा सगळा भाग पांढरा होता. आम्ही खाप्याची पोरं. पांढरं वावर म्हणजे काय ते आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती.

"कापूस हाय बे."

"एवढा? अन् वेचणारे कुठी हायेत?"

"जेवायले गेले असतीन."

दोन शनिवार आम्ही त्याला कापूसच म्हणत होतो. तिसऱ्या शनिवारी एक लाकडी बंडी, म्हणजे बैलगाडी, जुळली आणि तिला चाकंच नव्हती. एक जण म्हणाला, चाकं चोरीला गेली. दुसरा म्हणाला, चाकांचे तुकडे हरवले. सर मागे हात बांधून उभे होते, गालात हसत. मग मीच म्हणालो की ही बंडी घसरते, म्हणून खाली चाकं नाहीत, आणि म्हणून हा कापूस नाही, बर्फ आहे. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पाहिलं? यानं झाकण नाही पाहिलं, तरी याले दिसलं."

ते वाक्य मी आयुष्यभर अंगावर घेऊन फिरलो. मला वाटायचं, आपल्याजवळ काही नसलं तरी चालतं. आपल्या घरी पुस्तकं नाहीत, शिकलेला काका नाही, इंग्रजी बोलणारं कोणी नाही; पण नीट, खूप वेळ पाहत बसलं की गोष्ट आपोआप दिसते. सरांना दिसायची. आम्ही अडलो की ते टेबलाभोवती एक चक्कर मारायचे, ताटातून एखादा तुकडा उचलायचे आणि म्हणायचे, "हा इथं बसतो का पाहा बरं." तो बसायचाच. आम्ही त्याला सरांची नजर म्हणायचो. मोठं होऊन तशी नजर मिळवायची, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

बारावीच्या वर्षी वर्गातल्या एका मित्राने मला कागदांचा एक गठ्ठा दिला. त्याचा भाऊ नागपूरला मोठ्या क्लासला होता. इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेचे मागच्या कित्येक वर्षांचे पेपर, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हाताने सोडवलेलं, कुठे कोणती युक्ती वापरायची ते बाजूला लिहिलेलं. भावाला क्रिकेटचं वेड असावं, कारण प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक छोटी बॅट काढलेली होती.

"घे ना बे," मित्र म्हणाला. "साऱ्या नागपूरनं घेतले. तूच काहून सोवळ्यात राहतो?"

मी गठ्ठा घरी नेला, पण उघडायला हात धजेना. वडिलांना विचारलं. ते कन्हानच्या रेतीत टरबुजाची वाडी करायचे. नुकतेच नदीवरून आले होते, पाय धूत होते. म्हणाले, "मले काय समजते त्यातलं? सर सांगतीन तसं कर."

म्हणून मी गठ्ठा घेऊन सरांकडे गेलो. सरांनी पानं चाळली, बराच वेळ चाळली. मग म्हणाले, "तुला तुकडे लावता येतात ना?"

"हो सर."

"मग झाकण काहून पाहतो? पुस्तक वाच. गणित समजून घे. हे पाठ करून पास होणारे पुढे पहिल्याच वर्षी आपटतात. ठेव माझ्याजवळ, मी देतो त्याच्या भावाले परत."

मी हलक्या मनाने घरी आलो. आपण योग्य केलं असं वाटलं, आणि त्या वाटण्याची एक नशा असते, ती चढली. आठेक दिवसांनी मित्राला त्याचा गठ्ठा मिळाला. मी पुस्तकं वाचली, प्रत्येक सूत्र कुठून आलं ते समजून घेत बसलो. परीक्षेत अर्ध्या प्रश्नांपर्यंतच पोचलो. ज्यांनी गठ्ठा वाचला होता ते प्रश्न पाहताक्षणी ओळखत होते, हे मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. माझा प्रवेश थोडक्यात हुकला. पुन्हा बसायचं म्हणजे एक वर्ष घरी काढायचं, ते आमच्याकडे शक्य नव्हतं.

सरांचा मुलगा माझ्याच वयाचा. तो दहावीनंतर नागपूरला मामाकडे राहायचा. त्याला इंजिनीअरिंग मिळालं. सरांनी पेढ्याचा पुडा आणला आणि पहिला पेढा मला दिला. मी तो खाल्ला आणि मला जराही वाईट वाटलं नाही. शहरातला मुलगा, चांगला क्लास, होणारच. त्यानंतर सर माझी वळकटी खांद्यावर घेऊन माझ्यासोबत एसटीत बसले, बी.एस्सी.ला नाव घालून दिलं, वसतिगृहाच्या रेक्टरसमोर तासभर बसून खोली मिळवली. मला पहिल्या वर्षी कावीळ झाली तेव्हा माझ्या आईला घेऊन तेच आले. पदवी मिळाली तेव्हा वडिलांनी ती काच लावून घेतली आणि भिंतीवर टांगायच्या आधी सरांच्या घरी नेऊन त्यांच्या हातात दिली. यातलं एकही खोटं नाही.

आता त्या गुरुवारचं सांगतो.

कंपनीत यंत्रांची वार्षिक दुरुस्ती निघाली आणि प्रयोगशाळेला अचानक सुट्टी मिळाली. वडिलांनी खाप्याहून टरबुजं पाठवली होती. दोन चांगली बघून मी पिशवीत घातली आणि दुपारी न सांगता बेस्याला गेलो. दार सरांच्या सुनेने उघडलं.

"अरे, भाऊजी, तुम्ही आज कसे? बाबा झोपले आहेत. बसा, उठतीलच."

गॅलरीजवळच्या टेबलावर आमचा चालू जिगसॉ होता. एक जुनं बंदर, होड्या, मागे घरांच्या रांगा. आमच्या नेमाप्रमाणे झाकण न पाहता अर्धा झाला होता. आणि त्याच्या शेजारी, पाण्याच्या तांब्याला टेकवून, झाकण उभं केलेलं होतं. खाकी कागद एका बाजूने पाकिटासारखा उघडून मागे दुमडला होता. सगळं चित्र समोर. बाजूला भिंग. आणि एका छोट्या वाटीत सहासात तुकडे वेगळे काढून ठेवलेले.

सून तांब्यात पाणी भरायला आली आणि माझी नजर पाहून हसली. "बाबांचा होमवर्क. तुम्ही यायच्या आधी करून ठेवतात. त्या वाटीतले तुकडे रविवारी तुमच्यासमोर लावायचे असतात ना. मी यांना म्हणते, तुमचे बाबा परीक्षेला बसल्यासारखे करतात."

मीही हसलो. मला वाटलं, वय झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, नजर कमी झाली आहे आणि आपल्या विद्यार्थ्यासमोर कमी पडू नये असं वाटत असेल. मला त्यांची दयाच आली. मी इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण कव्हरावर काहीतरी विचित्र दिसत होतं. कागद जिथे उघडला होता तिथे चिकटपट्टीचे थर होते, एकावर एक. खालचे पिवळे पडलेले. टेबलामागे भिंतीतल्या कपाटात सरांचे सगळे डबे एकावर एक रचलेले असतात, सव्वीस आहेत. मी उठलो आणि सर्वांत तळाचा काढला. तोच, बर्फाचा. लेबलची शाई फिकी झाली होती. मी झाकण उलटं केलं. तळाच्या कडेला कागद ब्लेडने सरळ कापलेला आणि वरून पट्टी लावलेली. पट्टी इतकी जुनी की नख लावताच तिचा भुगा झाला. त्याखाली आणखी एक होती.

मी दुसरा डबा पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्यांचं तेच. कापण्याची जागाही तीच, डाव्या हाताला, जिथे डबा फडताळात ठेवला की दिसणार नाही.

म्हणजे आम्ही कापूस की बर्फ म्हणून भांडत होतो तेव्हाही सरांना माहीत होतं. त्याचंही मी स्वतःला समजावलं असतं. शिक्षकाला उत्तर माहीत असतंच, असायलाच हवं. पण मग 'तुम्ही अन् मी सारखेच' कशाला म्हणायचं?

तेवढ्यात सरांचा मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला. तो घरूनच काम करतो. कामाचा हेडफोन गळ्यात होता, हातात चहाचे दोन कप. मला कपाटाशी पाहून म्हणाला, "काय गा, चोरी पकडून राहिला का?"

"सर पहिल्यापासून झाकण पाहून लावतात?"

"मग काय तर. एवढे तुकडे कोण आंधळ्यासारखे लावत बसेल यार?" तो खुर्चीत बसला. "बाबांचा मूळ मंत्रच तो. आधी उत्तर पाहा, मग प्रश्नाकडे ये. बारावीत मला दुसरं काही वाचूच दिलं नाही त्यांनी. दर शनिवारी मामाकडे यायचे, शाळा सुटली की तुमचे ते तुकडे आटोपून शेवटच्या गाडीनं, अन् रविवारी दिवसभर माझ्याकडून पेपर घोटून घ्यायचे."

"कोणते पेपर?"

"अरे, एक जबरदस्त गठ्ठा आणला होता त्यांनी कुठून तरी. सगळे सोडवलेले. कोणाच्या तरी हातचे, झेरॉक्स होती. अक्षर असं मोत्यासारखं, अन् प्रत्येक पानावर एक बॅट. मी तर त्याला बॅटचा गठ्ठाच म्हणायचो. परीक्षेत निम्मे प्रश्न त्यातलेच वाटले मला. तो गठ्ठा नसता तर मी कुठे इंजिनीअर." तो चहा प्यायला आणि सहज म्हणाला, "तुलाही दिला असंल ना बाबांनी. तू तर त्यांचा लाडका."

त्याच्या मनात काही नव्हतं. तो खरंच समजत होता की मलाही दिला असेल. मी म्हणालो, "हो, पाहिला होता." हे खोटंही नव्हतं.

चहा गार झाला तरी मी कप धरून बसलो होतो. आठ दिवस. गठ्ठा मित्राला परत मिळायला आठेक दिवस का लागले, ते मला तेव्हा कधी खटकलंच नव्हतं. त्या आठवड्यात एक शनिवार येतो.

सर उठून आले. मला पाहिलं, मग टेबलाकडे, मग उघड्या झाकणाकडे. त्यांनी वर्तमानपत्र उचललं आणि झाकणावर टाकलं, जसं सहज टाकतो तसं.

"तू आज कसा?"

"सुट्टी होती सर. टरबुजं आणली."

"बरं केलं." ते बसले. चष्मा पुसला. "हे झाकण, अरे, काय झालं, ऑपरेशन झाल्यापासून रंग नीट कळत नाहीत. डॉक्टर म्हणाले थोडे दिवस. म्हणून या एकाच वेळी उघडलं. तू मनावर घेऊ नको."

बर्फाचा डबा मी बसताना खुर्चीखाली सरकवला होता. पट्टीचा भुगा माझ्या नखात होता. मी म्हणालो, "नाही सर, मनावर काय घ्यायचं." सुनेने टरबूज कापलं, मी एक फोड खाल्ली, सगळे म्हणाले गोड आहे. मग मी निघालो. सर हात धुवायला आत गेले तेवढ्यात डबा जागेवर ठेवून निघालो.

घरी बायकोला सांगितलं. ती सावनेरची, माझ्यापेक्षा स्पष्ट. ती म्हणाली, "एवढ्या वर्षांनी काहून जीव जाळता? त्यांनी आपल्या लेकराचं पाहिलं. कोणीही पाहिलं असतं."

"पाहावं ना. माझं कुठे म्हणणं आहे पाहू नये?"

"मग?"

मग काय, ते मला तिला नीट सांगता आलं नाही. सरांनी गठ्ठा मुलाला दिला याचं दुःख मला नाही, बापाने द्यावाच. पण मला तो वाईट आहे म्हणून सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच हाताने केल्या, एकाच आठवड्यात. मी इंजिनीअर झालो असतो असं मी म्हणत नाही. कदाचित गठ्ठा वाचूनही हुकलं असतं. पण हुकलं ते माझ्या कुवतीमुळे की त्या एका वाक्यामुळे, हे मला आता कधीच कळणार नाही. ते वाक्य मी फक्त परीक्षेत वापरलं नाही. नोकरीच्या मुलाखतीला काय विचारतात हे लोक एकमेकांना विचारत होते, तेव्हा मी कानावर हात ठेवले. बढतीच्या परीक्षेत आधीचे प्रश्न फिरत होते, मी ते घेतले नाहीत आणि माझ्या मागून आलेली दोन मुलं माझ्यावर साहेब झाली. मला त्याचा अभिमान होता. सरांना आवडेल असं वाटायचं. एकदा मी त्यांना ते सांगितलंही होतं. ते ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले होते आणि मग म्हणाले होते, "तू फार सरळ आहेस." त्या गप्प राहण्याचा अर्थ मी तेव्हा कौतुक असा घेतला.

पहिल्या रविवारी मी कामाचं निमित्त सांगितलं. दुसऱ्या रविवारी सरांचा फोन आला, मी उचलला नाही. तिसऱ्या रविवारी चार वाजता कपडे करून तयार झालो, मोटारसायकल बाहेर काढली आणि परत आत घेतली. घरी माझा स्वतःचा एक डबा आहे, पाचशे तुकड्यांचा. तो काढून बसलो. झाकण समोर ठेवलं. तासाभरात काठ आणि निम्मं चित्र झालं, इतकं भराभर मी कधी लावलं नव्हतं. तर हे इतकं सोपं असतं. लोक एवढ्या सोप्या रीतीने करतात, हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं. मी ते अर्धवट सोडून उठलो.

इथपर्यंत लिहून झालं आणि परवा मी सरांना पत्र लिहिलं. फोनवर मला बोलता आलं नसतं आणि समोर बसून तर मुळीच नाही. हिंगण्याच्या पोस्टात टाकलं. त्याची नक्कल ठेवली आहे, ती अशी:

सर,

पायांवर डोकं ठेवूनच सुरुवात करतो, कारण दुसरी सुरुवात मला येत नाही.

मी तीन रविवार आलो नाही. कामाचं कारण सांगितलं ते खोटं होतं, त्याबद्दल क्षमा करा. खरं कारण असं की त्या गुरुवारी तुम्ही उठायच्या आधी मी कपाटातले डबे उघडून पाहिले. न विचारता पाहिले, तीही माझी चूक. सगळ्या झाकणांचे कागद कापलेले आहेत. तुम्ही मला म्हणालात की ऑपरेशन झाल्यामुळे या एकाच वेळी उघडलं. बर्फाच्या डब्याची पट्टी इतकी जुनी की माझ्या हातात तिचा भुगा झाला; ती लावली तेव्हा तुमचे डोळे चांगले होते.

त्याबद्दल मी लिहिलं नसतं. पण तुमच्या मुलाने मला सहज बोलता बोलता बॅट काढलेल्या गठ्ठ्याचं सांगितलं. त्याला यातलं काही माहीत नाही, त्याला कृपा करून बोलू नका. तो गठ्ठा मी तुमच्याकडे आणला होता. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात आणि झाकण का पाहतो म्हणून विचारलंत.

तुम्ही माझ्यासाठी काय केलं ते मला पाठ आहे. वळकटी, वसतिगृह, कावीळ, सगळं. तुम्ही नसतात तर मी आज रेतीत असतो, आणि त्यात कमीपणा नाही, पण मला जे करायचं होतं ते मी करू शकलो नसतो. हे मी कोणालाही, कुठेही सांगेन. म्हणूनच मला कळत नाही की ज्या माणसाने एवढं केलं त्याने ते का केलं. मला दिलं नसतंत तरी चाललं असतं सर. 'हा मी माझ्या मुलासाठी ठेवतो' म्हणाला असतात तर मी स्वतः झेरॉक्स काढून आणली असती. तुम्ही मला ते पाप आहे म्हणून सांगितलंत, आणि मी ते खरं मानून आजपर्यंत तसा वागलो. मी फार सरळ आहे असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. मला सरळ तुम्हीच केलंत.

मला एकच विचारायचं आहे. गठ्ठा माझ्या हातातून घेताना तो मुलाला द्यायचं तुमच्या मनात होतं का? की मला जे सांगितलं ते तुम्ही खरंच मानत होता आणि नंतर, घरी गेल्यावर, बाप म्हणून तुमचा धीर सुटला? दुसरं असेल तर मी ते समजू शकतो. मलाही मुलगी आहे.

उत्तर लिहून पाठवा, फोनवर सांगू नका. ते येईपर्यंत मी येणार नाही. बंदराचा जिगसॉ माझ्यासाठी थांबवू नका, तुम्हाला हवा तसा पूर्ण करा.

तुम्ही 'मनात नव्हतं' असं लिहिलंत तर मी ते खरं मानेन. तुमचं खरं मानायची मला सवय आहे आणि ती तीन आठवड्यांत जात नाही. 'होतं' असं लिहिलंत तर मला त्रास होईल, पण तो माझा मी सोसेन आणि त्यानंतर कदाचित एखाद्या रविवारी येईनही. फक्त मला वाईट वाटू नये म्हणून काही लिहू नका. ते तुम्ही त्या गुरुवारी एकदा केलं आहे.

तुमचा विद्यार्थी